पाहुण्यांचा कूलर

यंत्र माणसं ओळखतं, यावर सारिकाचा आता विश्वास बसायला लागला होता. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईने असं म्हणणं म्हणजे डॉक्टराने अंगारा लावण्यासारखं, हे तिलाही कळत होतं. पण डोळ्यांनी दिसतं ते नाकारायचं तरी कसं? खोलीत ती एकटी असली की पडद्यावरचा लाल ठिपका देवघरातल्या निरांजनासारखा शांत. कुणी मोठा माणूस बघायला आला, की तोच ठिपका फरशीवर सांडलेल्या पाऱ्यासारखा फुटायचा. चार तुकडे, दहा तुकडे, मग नुसता लाल भुसा.

आणि आज, यंत्र ज्यांच्याकडून आलं त्या गोरे मॅडम पुण्याहून तपासणीला येणार होत्या. ठिपका त्यांच्यासमोर फुटला, तर यंत्र खोक्यात बंद होऊन पुण्याला परत जाणार होतं. त्यांच्या पत्रात तसं स्वच्छ लिहिलेलं होतं.

यंत्र तसं साधं दिसायचं. धुळ्यातल्या त्या कॉलेजच्या पहिल्या मजल्यावर, पूर्वी मोडके बाक रचून ठेवायचे त्या खोलीत एक जड टेबल, आणि टेबलावर लेसर. लेसरचा किरण उघड्या खिडकीतून बाहेर पडायचा, आग्रा रोड ओलांडायचा, पलीकडची पत्र्याची गोडाऊनं आणि नांगरून उन्हाला टाकलेली काळी रानं ओलांडून थेट पाण्याच्या टाकीवर बसवलेल्या आरशावर जाऊन आपटायचा, आणि आला तसाच परत यायचा. परत आलेल्या किरणाचा ठिपका पडद्यावर दिसायचा. बस, एवढंच. पण मे महिन्यात धुळ्याच्या रस्त्यावर दुपारी ज्याने समोर पाहिलं असेल, त्याला सांगायला नको की तिथे हवा उभी राहत नाही, ती उकळते. लांबचा ट्रक पाण्यात हलल्यासारखा दिसतो, विजेचा खांब कमरेत वाकतो. डोळ्याला जे होतं तेच लेसरला होतं. सरळ निघालेला किरण वाटेतल्या तापलेल्या हवेत वेडावाकडा होऊन घरी येतो, दारू पिऊन आलेल्या माणसासारखा.

त्या वाकड्याला सरळ करायचं, हे यंत्राचं काम. त्यासाठी टेबलावर एक नखाएवढा आरसा होता, आणि त्याच्या पाठीला टेकलेल्या, केसाइतक्या बारीक दांड्या. किरण किती वाकला ते कॅमेरा बघायचा, कॉम्प्युटर हिशोब करायचा, आणि दांड्या आरशाला मागून ढोसून नेमका उलटा वाकवायच्या. वाकड्यावर उलटं वाकडं, की झालं सरळ. पापणी लवायच्या आत हे शेकडो वेळा. सारिका पोरांना सांगायची, "भांडकुदळ सासू डावीकडे ओढते, तर सुनेने तेवढंच उजवीकडे ओढायचं. घर मधोमध राहतं." पोरं हसायची, आणि एवढं मात्र कधी विसरायची नाहीत.

हे यंत्र धुळ्याला पाठवायचं म्हटलं तेव्हा पुण्यातलेच लोक हसले होते. एकाने फोनवर म्हटलं होतं, "तिकडे कुठे पाठवता? तिकडची हवा बघितलीत का?" सारिकाचं डोकं तेव्हाच सणकलं होतं. अरे बाबांनो, हवा वाईट आहे म्हणूनच तर! थंड, शहाण्यासुरत्या हवेत किरण सरळ ठेवण्यात कसला पुरुषार्थ? खान्देशच्या मे महिन्यात जो ठिपका टिकेल तो जगात कुठेही टिकेल. असं पानभर लिहून तिने यंत्र मिळवलं होतं. ती स्वतः तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवायचं पूर्ण, भरायचं अर्धपोट, आणि जूनमध्ये पुन्हा दारात उभं राहायचं, "यंदा मला घेता का हो?" म्हणत. जन्मात पहिल्यांदा काहीतरी तिच्या, भडगावच्या एका पोरीच्या, शब्दावर चालत आलं होतं. ते ती परत जाऊ देणार नव्हती.

पण यंत्र तिचं नाक कापत होतं, तेही निवडून निवडून.

पहिल्यांदा विभागप्रमुख बोरसे सर आले. डिग्री मिळाल्या दिवसापासून ज्यांनी नवं पुस्तक उघडलं नाही अशातले हे एक. सारिका सकाळपासून ठिपका बघत होती, कुठे हलला नव्हता. सर येऊन बसले, चहा आला, सारिकाने तोंड उघडलं आणि ठिपका फुटला. सर म्हणाले, "होतं असं. आपल्याकडची हवाच अशी." आणि सुटल्यासारखे उठून गेले. दुसऱ्यांदा प्राचार्य आले. तेच. तिसऱ्यांदा संस्थेचे अध्यक्ष सोहनलाल शेठ स्वतः आले, कापडाच्या तीन दुकानांचे मालक. पांढरेशुभ्र कपडे, कपाळावर केशराचा टिळा, माणूस तसा मनाचा मोठा. त्यांनी बराच वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बेटा, ये ऐसाच दिसायला पाहिजे ना?" सारिकाला वाटलं जमीन दुभंगावी.

आता यातून अर्थ काय काढायचा? तिला वाटलं माणसांच्या चालण्याने टेबल हादरत असेल. म्हणून तिने बी.एस्सी.चा अख्खा वर्ग खोलीत कोंबला. पोरं खांद्याला खांदा लावून उभी, घामाने चिंब, कुणी शिंकतंय, कुणी ढकलतंय, कुणी मागून "लेसरने मिशी निघते का मॅडम?" असं विचारतंय. ठिपका? ढिम्म! तिने पोरांना उड्या मारायला लावल्या. जरासा थरथरला, परत ढिम्म.

म्हणजे गर्दी नाही. मग मोठ्या माणसांचे महागडे मोबाईल? पुढच्या वेळी तिने बोरसे सरांना मोबाईल बाहेर ठेवायला सांगितला. सरांनी असं तोंड केलं, जसं काही तिने चप्पल नाही, धोतर सोडायला सांगितलं. मोबाईल बाहेर राहिला, ठिपका फुटलाच. तिने पुण्याला फोन लावला. तिथला पोरगा म्हणाला, "आरशाचा जोर वाढवा." वाढवला, तर एकटी असतानाचा ठिपकाही थरथरायला लागला, तेव्हा घाबरून परत कमी केला. दिवस, वेळ, वारा, ऊन, सगळं ताडून पाहिलं. ऊन तेच, वारा तोच. फरक एकच, खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हुद्द्याचा.

"काय म्हणावं याला?" ती वैतागून म्हणाली.

निंबा भाऊ दारातच स्टुलावर बसलेले होते. प्रयोगशाळेचे शिपाई, कॉलेजमध्ये पांढरे झालेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, पाव्हना उनात का बिघडस, आपन बठ्ठा ऱ्हायनूत का बरं चालस. याले नजर नही म्हनतस त काय म्हनतस?" पाहुणे आले की बिघडतं, आपण असलो की बरं चालतं, म्हणजे नजरच, असं त्यांचं म्हणणं.

"निंबा भाऊ, ही प्रयोगशाळा आहे."

"मंग? नजरले का दार बंद शे?"

दुसऱ्या दिवशी ती आली तर यंत्राच्या टेबलाला, नेमकं लेसरच्या खाली, लिंबू-मिरची टांगलेली. सारिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तोडून फेकायला तिने हात पुढे केला, आणि हात तिथेच थांबला. तिचं तिलाच कळेना का. पोरांसमोर जिभेने देव-भुतांच्या चिंधड्या करणारी बाई, आणि लिंबाला हात लावायला धजेना. रात्री भडगावहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे तिचे वडील, कौतिक आबा. गिरणेकाठी केळी पिकवली जन्मभर, यंत्राचं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवत नव्हतं.

"सारू, तुन्हं यंत्र कसं शे?"

"आबा, ते लोक बघून बिघडतं."

 आबा म्हणाले, "मंग लोकेसले दखाडूच नको."

लोकांना दाखवूच नको म्हणे. हसावं की रडावं?

तर आज गोरे मॅडम यायच्या होत्या. कॉलेजात सकाळपासून लगीनघाई. बोरसे सर नवा शर्ट घालून जिन्यावर वर-खाली करत होते, प्राचार्य सरांना सरकारी बोलावणं आल्याने सगळा मान आज बोरसे सरांच्या वाट्याला होता. आणि निंबा भाऊंनी धनकुंवरबाईंना आंघोळ घातली.

धनकुंवरबाई म्हणजे कूलर. सोहनलाल शेठजींनी आपल्या आईच्या स्मरणार्थ कॉलेजला भेट दिलेला. लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा, चाकं लावलेल्या स्टँडवर उभा, आणि पोटावर लाल रंगाने लिहिलेलं: 'स्व. धनकुंवरबाई यांच्या स्मरणार्थ'. सगळं कॉलेज त्याला नावानेच हाक मारायचं. "बाईंना आणा रे, पाव्हणे आले!" की निंबा भाऊ ते धूड व्हरांड्यातून घरंगळवत आणायचे. एरवी तो व्हरांड्यात चादर पांघरून उभा. मास्तर घामाने भिजो, पोरं भोवळ येऊन पडोत, कूलरला हात लावायचा नाही. कुणी लिहून ठेवलेला नियम नव्हता, पण तसा तो खान्देशात कुठल्या घरात लिहिलेला असतो? घरचे लोक ओसरीत पुठ्ठ्याने वारा घेतात, आणि जावई आला की कूलरमध्ये बर्फ पडतो. कूलर हे काही यंत्र नाही. गुळाच्या खड्यासारखा, पाण्याच्या तांब्यासारखा तो पाहुणचार आहे.

आज निंबा भाऊंनी त्यात नवं गवत भरलं होतं, वाळा घातला होता, बर्फाची लादी फोडून टाकली होती. कूलरला बाहेरची हवा लागते, म्हणून तो नेहमीच्या जागी, उघड्या खिडकीपाशी उभा केला. तोंड पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे. मग त्यांनी लिंबू-मिरचीखाली टेबलाच्या कडेला एक उदबत्तीही पेटवून खोचली. सारिकाने पाहिलं, आणि ती तशीच जळू दिली. भांडायचं बळच नव्हतं.

गोरे मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, सुती साडी, पायात जाड चपला, खांद्याला पिशवी. धुळ्याच्या उन्हाने चेहरा तांबारलेला. सोहनलाल शेठजी हात जोडून पुढे झाले. "पधारो, पधारो. निंबा, कूलर!"

कूलर घरघरला. वाळ्याचा गार झोत खोलीत शिरला. गोरे मॅडमनी डोळे मिटून "आहाहा" म्हटलं. शेठजींना धन्य वाटलं.

सारिकाने पडद्याकडे पाहिलं. मघापर्यंत निरांजन होतं ते. आता फुटायला लागलं होतं.

"हे असं का?" गोरे मॅडम पुढे वाकल्या. "तुमचा आरसा पुरा पडत नाहीये. शेवटपर्यंत वाकतोय आणि तरी मागे पडतोय."

"एकटी असताना पुरा पडतो," सारिका म्हणाली. म्हटल्यावर तिला स्वतःलाच ते चोराच्या बोलण्यासारखं वाटलं.

"म्हणजे?"

"मॅडम, मला कळत नाही. खरंच कळत नाही. कुणी बघायला आलं की होतं असं."

बोरसे सर खाकरले. "मॅडम, मी सुरुवातीलाच म्हटलं होतं. आपल्याकडची हवाच अशी. खान्देशात हे व्हायचं नाही. मुलगी हुशार आहे, पण जिद्दीला पेटली. यंत्र तुम्ही घेऊन गेलात तर आमची काही हरकत नाही."

आमची हरकत नाही! सारिकाच्या डोक्यात आग भडकली. ज्या माणसाने या खोलीची किल्लीसुद्धा तीनदा मागितल्यावर दिली, तो तिचं यंत्र दान करायला निघाला होता. तिला त्याच्या तोंडावर काहीतरी जळजळीत बोलायचं होतं, पण डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि ते दिसू नये म्हणून तिने वाकून टेबलाखाली पाहिलं.

तिथे उदबत्ती जळत होती.

धूर सरळ वर निघत होता, दोऱ्यासारखा. वर जाऊन तो लेसरच्या वाटेत शिरला, तेव्हा एरवी न दिसणारा किरण धुरात लाल रेघेसारखा उजळला. टेबलापासून खिडकीपर्यंत आखल्यासारखी रेघ. आणि त्या रेघेच्या शेवटी, खिडकीजवळ, धूर अचानक कुणी ओरबाडल्यासारखा फाटत होता. गुंडाळत होता, भोवरे घेत होता, चिंध्या होऊन खुर्च्यांकडे धावत होता. किरण नेमका त्या चिंध्यांमधून जात होता. आणि परत येताना पुन्हा त्यांच्यातूनच.

ती तशीच वाकून बघत राहिली. डोक्यात काहीतरी हललं, पण जागेवर बसेना. पुण्याच्या सूचनेत लिहिलं होतं, खोलीतला पंखा बंद ठेवा, एसी असल्यास बंद ठेवा. तिने पंख्याची पातीच काढून टाकली होती. एसी तर बापजन्मी नव्हता. कूलर बंद ठेवा असं कुठे लिहिलं नव्हतं, आणि तिलाही ते कधी सुचलं नव्हतं. पंखा ही वस्तू आहे. कूलर म्हणजे... धनकुंवरबाई. त्या आल्या की मान आला. मानाने ठिपका फुटतो, असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

"सारिका?" बोरसे सर म्हणाले. "काही शोधताय का?"

ती उठली. भिंतीकडे गेली. कूलरच्या वायरवर हात ठेवला.

निंबा भाऊंना आधी कळलं. "मॅडम! काय करी ऱ्हायन्यात? पाव्हना बठेल शेतस!"

तिने पिन ओढली.

घरघर मंदावली, थांबली. खोलीत अशी शांतता झाली, जणू पंगतीत वाढप्याने पाहुण्याच्या ताटातून पोळी परत उचलली. सोहनलाल शेठजींचं तोंड उघडं राहिलं. धुळ्याची दुपार खिडकीतून आत आली आणि सगळ्यांच्या मानगुटीवर बसली.

"ये क्या है?" शेठजींचा आवाज चढला. "पुण्याहून बाई आल्या, इतक्या उन्हातून! आमच्याकडे दुश्मनालासुद्धा पाणी देतात, आणि तू पाव्हण्याच्या तोंडावरची हवा बंद करते?"

"शेठजी, एक मिनिट."

"ते कूलर माझ्या आईच्या नावाचं आहे!"

"एक मिनिट, शेठजी."

ठिपका अजून फुटलेलाच होता.  चुकलं वाटतं. आता यंत्रही गेलं, जूनमधल्या तासिकाही गेल्या. गार, ओली हवा अजून खिडकीपाशी रेंगाळत होती. मग तुकडे एकेक करून आत ओढले जायला लागले. लाल भुसा गोळा झाला. आणि ठिपका बसला, निरांजनासारखा.

 गोरे मॅडमच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला, त्यांनी तो पुसला नाही.

"परत लावा," त्या म्हणाल्या.

सारिकाने पिन लावली. ठिपका फुटला. काढली. बसला.

"म्हणजे," बोरसे सर म्हणाले, "यंत्र कूलरने बिघडतं?"

"कूलर बिघडवतो ती हवा, सर. बर्फाची गार हवा आणि उन्हाची तापलेली हवा इथे खिडकीत मारामारी करते. किरण त्यातून दोनदा जातो. बाहेरची हवा उकळते, पण तिची एक चाल आहे, तिच्याशी आरसा जुळवून घेतो. हे भोवरे त्याच्यापेक्षा चपळ." बोलता बोलता ती थांबली. "निदान मला तरी असं वाटतं. मी... मी दरवेळी स्वतःच निंबा भाऊंना सांगत होते, पाव्हणे येतायत, कूलर आणा."

गोरे मॅडमनी डोळे बारीक केले. "हे ठीक. पण मग मला सांगा, ठिपका कूलर बंद केल्याने शांत आहे की तुमच्या आरशामुळे? बाहेरची हवाच आज गरीब असेल तर?"

बाई पक्की होती. सारिकाला ती त्याच क्षणी आवडली. तिने आरशाचा कारभार बंद केला. ठिपका सैल झाला, गटांगळ्या खात पडदाभर पसरला, लांबच्या ट्रकसारखा पाण्यात हलल्यागत. तिने कारभार चालू केला. आरशाने पाठीवर ढोसण्या खाल्ल्या आणि ठिपका गोळा झाला.

"अजून एकदा," गोरे मॅडम म्हणाल्या. मग अजून एकदा. मग त्या स्वतःच बटण दाबत बसल्या, लहान पोर दिवा लावतं-विझवतं तशा. साडी पाठीला चिकटली होती. बोरसे सरांचा नवा शर्ट घामाने चिंब झाला होता आणि ते घड्याळ बघत होते.

शेवटी गोरे मॅडम म्हणाल्या, "यंत्र इथंच राहील. हे बाहेर जे चाललंय, त्यात आमचं पुण्यातलं यंत्र एक दुपारही टिकणार नाही. पण लेखी देते, की खोली सारिकाच्या ताब्यात राहील. आणि इथे कुणाचं स्वागत करायचं नाही."

सोहनलाल शेठजी खुर्चीत गोंधळून बसले होते. राग कुठे ठेवावा ते त्यांना समजेना. केशराचा टिळा घामाने नाकापर्यंत ओघळला होता. "पण बाई," ते म्हणाले, "पाव्हणा आला तर त्याला द्यायचं काय?"

"घाम," सारिका म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. तिने जीभ चावली. शेठजी तिच्याकडे बघत राहिले, मग त्यांची नजर कूलरवरच्या लाल अक्षरांवर गेली. "माझी आई," ते हळूच म्हणाले, "पंखासुद्धा लावू द्यायची नाही. म्हणायची, वारा लागून दिवा विझतो." ते उठले. दाराशी थांबून म्हणाले, "निंबा, बाईंना पोरांच्या वाचनखोलीत ने. तिथं लाव. रोज लाव." आणि कुणाचा निरोप न घेता निघून गेले. ते रागावून गेले की कसे, हे सारिकाला शेवटपर्यंत कळलं नाही. बोरसे सर त्यांच्या मागे धावले.

निंबा भाऊंनी कूलर घरंगळवत नेला. जाता जाता दारातून म्हणाले, "दखं ना मॅडम? उदबत्ती लायी तवयच नजर उतरनी."

 सारिका त्यांना काय सांगणार? उदबत्ती नसती तर काय दिसलं असतं? कितीतरी दिवस ती आग्रा रोडपलीकडच्या हवेशी भांडत होती, आणि भांडण हातभर अंतरावर, तिनेच आणून उभं केलेलं होतं. यात जिंकलं कोण, हेच तिला उमगेना. टेबलाखालचं लिंबू आता सुकून काळं पडलं होतं. तिने ते सोडून हातात घेतलं, उगाच हुंगलं, आणि पिशवीत टाकलं.

संध्याकाळी आबांना फोन लावला.

"आबा, यंत्र ऱ्हायनं. आठेच ऱ्हायनं."

"भलं व्हयनं! काय व्हतं मंग?"

"कूलर व्हता, आबा."

 पलीकडे गिरणेकाठचा पंप धडधडत होता.

"कूलरनी नजर लागनी?" आबांनी विचारलं.

सारिकाने डोळे मिटले. बाहेरच्या पत्र्यांवर दिवसभराची धग अजून थरथरत होती.

"हा आबा," ती म्हणाली. "तसंच समज."